नाव तेवढं बदल

“ब्याऐंशी गावांची ब्याऐंशी पानं केली, आणि सर्चमध्ये एक दिसेल तर शपथ,” कापडावर खडूने रेघ ओढता ओढता माई पुटपुटल्या.

शेजारी बसलेल्या सुनेने, हेमांगीने, हसू दाबलं. घरच्या शिवलेल्या नऊवारीच्या धंद्याची वेबसाइट तिनेच केली होती, पण मजकूर सासऱ्यांचा. अप्पा पंचायत समितीतून निवृत्त झालेले. त्यांनी परिपत्रकासारखा एकच मसुदा केला आणि गावाचं नाव तेवढं बदलायला सांगितलं. सगळीकडे तेच ते असलं की सर्च एकही पान पुढे आणत नाही, हे त्यांना सांगणार कोण?

लग्नसराई तोंडावर आली तरी नवं गिऱ्हाईक फिरकेना. शेवटी हेमांगीने गुपचूप इस्लामपूरचं पान नव्याने लिहिलं. तिथल्या जुन्या गिऱ्हाइकांचे प्रश्न त्यात घातले: खिसा मिळेल का, झिम्मा खेळताना सुटणार नाही ना. खाली आष्टा, पलूस, कराड या शेजारच्या पानांच्या लिंक जोडल्या.

महिन्याभराने फोन वाजला. इस्लामपूरच्या एका आत्याबाईंनी सर्चमध्ये पान पाहिलं होतं. भाचीच्या लग्नाला अकरा नऊवारी हव्यात, अकराही खिशाच्या.

अप्पांनी चष्मा चढवून ते पान दोनदा वाचलं.

“झकास लिहिलंयस, पोरी,” ते खुशीत म्हणाले. “आता हेच बाकीच्या गावांना लाव. नाव तेवढं बदल.”

हेमांगीने माईंकडे पाहिलं. माईंना हसू आवरेना. खडू बाजूला ठेवून त्यांनी पदराने डोळे पुसले.

“अहो, तुमचं नेमकं हेच तर चुकलं होतं.”