अकरातून वगळलेलं नाव

सिताराम खंदारे यांनी पिंगळीत फुटबॉल क्लब काढला, तेव्हा गावातली पोरं क्रिकेटशिवाय दुसरं काही खेळत नव्हती. पंचवीस वर्षं त्यांनीच संघ निवडला, सांभाळला आणि जिल्ह्याचा करंडक नऊ वेळा गावात आणला. ते क्लबमधून निवृत्त झाले, तेव्हा परभणीत त्यांचा सत्कार झाला. एका पत्रकाराने विचारलं, "एवढ्या वर्षांत सगळ्यात अवघड निर्णय कोणता होता?"

सिताराम म्हणाले, "पहिल्या फायनलचा. माझा सगळ्यात चांगला खेळाडू मी बाहेर बसवला. तो माझाच पोरगा व्हता. घरचा म्हणून घेतला, असं कुणी म्हणू नये म्हणून."

सभागृहात टाळ्या वाजल्या. मागच्या रांगेत बसलेल्या त्यांच्या मुलाने, धम्मदीपने, वाजवल्या नाहीत. त्या फायनलनंतर त्याने खेळ कायमचा सोडला होता. आता तो गंगाखेडला साखर कारखान्यात कामाला होता.

वडिलांना घरी नेताना त्याने मोटारसायकल रस्त्याच्या कडेला थांबवली.

"आबा, तवा तर तुमी मला सांगितलं, तुझा खेळ कमी पडायलाय म्हणून."

सितारामांनी मान खाली घातली. "खरं सांगितलं असतं तर तू लय भांडला असतास."

"भांडलो असतो, आबा," धम्मदीप म्हणाला. "पण खेळत राहिलो असतो."