गणवेशातली माणसं

युद्धात जर्मनांनी आमच्या बेलारूसच्या गावातल्या बाया धान्याच्या कोठारात कोंडून जाळल्या. त्यातून एकटी निसटली ती माझी आई, अगाफ्या. तिची ती गोष्ट ऐकतच मी वाढले. पुढं त्यावर सिनेमा काढायला शहरातली माणसं आली, तेव्हा गर्दीत उभं राहायची गळ मीच तिला घातली. मला मेलीला मिरवायचं होतं.

"मी जाऊन आलेय तिथं एकदा," आई म्हणाली.

"अगं, सगळं खोटंखोटं आहे. रुमाल नीट बांध डोक्याला, देशभर दिसशील."

आमचे गडी कुणाचीही दारू पितील, पण जर्मनांचा गणवेश अंगाला लावणार नाहीत. म्हणून त्या सकाळी बायांना सिनेमासाठी बांधलेल्या कोठाराकडं नेणारे जर्मन गणवेशातले शिपाई शहरातले नट असतील, असं मी धरून चालले. त्यातल्या एकानं आईला हळूच नावानं हाक मारली. आई मुकाट त्याच्यामागं गेली.

"नट झकास आणलेत हो," मी दिग्दर्शकाला म्हणाले.

तो चहा पीत होता. "कुठले नट, मावशी? ते उद्याच्या गाडीनं यायचेत. गणवेशांची पेटीसुद्धा अजून उघडली नाही."

मी वळून पाहिलं. कोठाराचं दार लागलं होतं, आणि अडसर बाहेरून घातलेला होता.