विहिरीवरची दोन इंजिनं

चौऱ्याहत्तरचा जानेवारी होता. तिकडे अरबांनी तेल अडवून धरलं होतं आणि इकडे नरखेडच्या पंपावर डिझेलचा थेंब मिळत नव्हता. झाडांनी फुलांचा बहार धरावा म्हणून चंपतरावांनी संत्र्यांचं पाणी तोडलं होतं. पानं मलूल झाली की पाणी सोडायचं. उशीर झाला तर झाडच जातं. पानं मलूल झाली, पण पाणी सोडायला चंपतराव उरले नाहीत.

तेरवी आटोपून त्यांची लेक अनुसया बगीच्यात आली, तेव्हा शेजारचे मनोहरराव तिची वाटच पाहत होते. त्यांच्या कोठ्यात डिझेलची पिंपं भरून ठेवलेली होती. बहारासाठी पाणी त्यांनीही तोडलं होतं, संत्री त्यांचीही तहानलेलीच होती. पण त्यांना स्वतःची विहीर नव्हती; त्यांचं इंजिन होतं चंपतरावांच्या विहिरीवर, चंपतरावांच्या इंजिनाशेजारी, दोघांच्या बापांनी एकमेकांना दिलेल्या जुन्या शब्दाखातर बसवलेलं.

"डिझेल देतो नं, पोरी. रस्त्याकडचा अर्धा बगीचा तेवढा माह्या नावानं करून दे," मनोहरराव हसले. "अरबाईनं अमेरिकेले वाकवलं, तू कोण वं?"

अनुसया तडक वळली. बाबांच्या पेटीतला पाना घेऊन ती विहिरीवर गेली आणि मनोहररावांच्या इंजिनाचा पाण्यात सोडलेला पाइप खोलू लागली.

"काय करून राहिली वं? तुह्या बापाची झाडं मरतील ना!"

"त्या झाडांत ज्याचा जीव होता, तो तर गेला, काका," हातातला पाना न थांबवता ती म्हणाली. "तुमचा कशात आहे?"