थोराड रेडा

पहिलारू म्हैस दुपारपासून अडली होती. रेडकाचे दोन खूर बाहेर आले होते, डोकं आतच होतं. जैतुनबी म्हशीच्या गळ्याला मिठी मारून बसली होती.

"एवढ्याशा म्हशीला तो डोंगराएवढा रेडा दाखवू नको म्हटलं होतं," नवरा म्हणाला. मांसासाठी जनावरं वाढवणाऱ्या जैतुनबीनं, रेडकू झपाट्यानं भरावं म्हणून, पंचक्रोशीतला सर्वांत थोराड रेडा निवडला होता.

डॉक्टरांनी कोपरापर्यंत हात घालून पाहिलं. "एकच वाचेल. बोला."

"म्हैस वाचवा, साहेब! पाया पडते!"

दिवेलागणीला मेलेलं रेडकू बाहेर आलं. म्हैस थरथरत उठून त्याला चाटू लागली.

"असलं दांडगं रेडकू मी पाहिलं नव्हतं," डॉक्टर हात धूत म्हणाले.

हेच ऐकायला जैतुनबी वर्षभर आसुसली होती. आता तिनं कान झाकून घेतले.