उलटं यंत्र

आमच्या हॅनोव्हरमध्ये रविवारी गवत कापायला बंदी आहे. तरी शेजारच्या ओस्टरकांपचं गवत कापायचं यंत्र नेमकं रविवारीच आपोआप घरघरत फिरायचं. मी पालिकेत तक्रार केली, की हा साळसूद चेहऱ्याने सांगणार, "रविवारी माझं यंत्र बंदच असतं. म्हातारीला भास होतात."

मग मी कुंपणावरून वाकून ते यंत्र उलटं करून ठेवायला लागले. त्यावर त्याने यंत्राला सेन्सर बसवला. आता कोणी हात लावला, की लगेच याच्या फोनवर नोंद. तरीही त्या रविवारी मी ते उलटं केलंच.

दुसऱ्या दिवशी तो पालिकेच्या साहेबांनाच माझ्या दारात घेऊन आला.

"बघा साहेब, काल यंत्र व्यवस्थित गवत कापत होतं, पाती फिरत होती, आणि या बाईने ते उचललं. वेळेसकट सगळं आहे यात. आता बोला, फ्राउ डीर्क्स."

"बोलायचं काय? उचललं मी," मी म्हटलं.

साहेबांनी फोन नीट पाहिला आणि दंडाचं पुस्तक काढलं.

"हेर ओस्टरकांप, काल वार कोणता होता?"