कापलेला कोपरा

“ह्यो कोपरा कुठं गेला?” हंबीररावांनी चित्र खिडकीच्या उजेडात धरून विचारलं.

“कसर लागली होती. पसरू नये म्हणून मीच कापून टाकला,” विजयमालाबाई म्हणाल्या.

शाहूपुरीतल्या एका कापडदुकानाच्या माडीवर हंबीरराव जुन्या चित्रांच्या नकला करून देत. देवळांच्या चित्रांत तर त्यांचा हात धरणारं जिल्ह्यात कुणी नव्हतं. दीडशे वर्षांपूर्वी कुणा गोऱ्या साहेबानं रंगवलेला कळस त्यांच्या कागदावर असा उतरायचा, की अस्सल कुठलं ते मालकालाही सांगता येऊ नये.

हे चित्रही तसंच जुनं होतं. ओढ्याकाठचं काळ्या दगडाचं देऊळ, पुढं दीपमाळ, मागं चिंचेचं झाड. चिंचेच्या बुंध्यापासून पुढचा, उजवीकडचा खालचा तुकडा तेवढा नव्हता.

हंबीरराव बराच वेळ बघत राहिले. मग त्यांनी चित्र हळूच टेबलावर पालथं ठेवलं.

“कुठलं म्हणायचं हे देऊळ?”

“कुणास ठाऊक. आमच्या आजोबांच्या ट्रंकेत सापडलं. तुम्ही इतकी देवळं बघितलीत, तुम्हाला ओळखू येईल असं वाटलं.”

“न्हाय बा. कधी बघितलं न्हाय.”

“मग राहू दे. आख्खं चित्र पाहिजे मला, कोपऱ्यासकट. तिथं तुम्हाला शोभेल ते घाला.”

निघताना बाई दाराशी थांबल्या. भिंतीवर पेन्सिलीनं काढलेलं एक छोटं चित्र होतं, देवळाच्या चौकटीचं.

“हे तुमचं नाही वाटत.”

“न्हाय. एक पोरगी यायची शिकायला. आदिती. हात लई गोड होता तिचा.”

“आता कुठं असते?”

“सहा वर्षं झाली की. गेली कुठंतरी. माझ्याकडंबी दोनदा येऊन गेले पोलीस. मी काय सांगणार?” हंबीररावांनी ब्रश धुवायला घेतला. “गुणी पोरगी.”

बाई जिना उतरून गेल्या.

पहिल्या आठवड्यात काम झरझर झालं. कळस झाला, दीपमाळ झाली, ओढ्याचं पाणी झालं. कोपरा राहिला.

तिथं हंबीररावांनी आधी गवत रंगवलं. लांब जाऊन बघितलं. ते गवत चित्रात बसेना. ओल्या स्पंजानं त्यांनी ते पुसून काढलं. मग एक गाय बसवली. गायही पुसली. मग एक तुळशीवृंदावन घातलं. ते इतकं परकं दिसत होतं, की त्यांना त्याच्याकडं बघवेना.

दुपारच्या वेळी खाली दुकानात माणसांचा गलका असायचा. वर माडीवर मात्र त्यांना तो ऐकू येईनासा झाला. चित्रातल्या ओढ्याचा आवाज येतोय असं एकदा वाटलं, तेव्हा ते उठून नळ बघून आले. नळ बंद होता.

त्यांचं जेवण कमी झालं. बायकोनं, चिमणाबाईंनी विचारलं, “काय हुतंय तुमास्नी?”

“चित्र सुटंना झालंय.”

“परत द्या की मग.”

“तसं करून चालत न्हाय.”

विजयमालाबाईंचा फोन आला तेव्हा ते म्हणाले, “बाई, तेवढा कोपरा मोकळाच ठेवू का? हात चालंना तिथं.”

“सवड घ्या,” बाई शांतपणे म्हणाल्या. “मला घाई नाही. पण मोकळा नको.”

त्या दुपारी हंबीरराव पुन्हा बसले. आयुष्यभर नक्कल केलेल्या हाताला मनानं काही रचणं जमत नव्हतं. ब्रश चिंचेच्या बुंध्याशी गेला आणि या वेळी थांबला नाही. अर्ध्या तासात कोपरा भरला. त्यांनी लांब जाऊन बघितलं. सगळं जिथल्या तिथं बसलं होतं. पुसायला उचललेला स्पंज त्यांनी परत वाटीत टाकला. नुसता दगड तर होता. त्यात कुणाला काय दिसणार?

त्या रात्री ते बऱ्याच दिवसांनी पोटभर जेवले.

दुसऱ्या दिवशी बाई आल्या. नकलेसमोर उभ्या राहिल्या. कळस, दीपमाळ यांच्याकडं त्यांनी बघितलंच नाही. कोपऱ्यात चिंचेखाली एक लांबोडका वीरगळ होता. लढाईत पडलेल्या कुणाच्या तरी नावाचा दगड. तो आडवा, पालथा पडलेला होता.

“छान जमलंय,” बाई म्हणाल्या. “हे कसं सुचलं?”

“सुचलं आपलं. जुन्या देवळांत असत्यात की असले दगड.”

बाईंनी पिशवीतून एक वही काढली. वहीतून बोटाएवढा कागदाचा तुकडा. तो त्यांनी जुन्या चित्राच्या कापलेल्या कडेला लावला. तंतोतंत बसला. त्याला कसर लागलेली नव्हती. त्यावर चिंचेचा बुंधा होता आणि बुंध्याला टेकून तोच वीरगळ, ताठ उभा.

“दीडशे वर्षं तो असाच उभा होता,” बाई म्हणाल्या. “सहा वर्षांमागच्या दिवाळीत, आदिती नाहीशी व्हायच्या चार दिवस आधी, मीच त्याला पाणी घातलं. आमच्या गावचं देऊळ आहे हे. आदितीचं आजोळ. मावशी मी तिची.”

हंबीररावांनी खुर्चीचा हात घट्ट धरला. “बाई, पडला असंल पावसापाण्यानं. मी काय तिथं...”

“त्यानंतरच्या पुरात देवळामागं असले चाळीस दगड पडलेत, हंबीरराव. कुठल्याखाली बघायचं तेच कळत नव्हतं.”

मग त्यांनी मोबाइल कानाला लावला.

“हं, फौजदारसाहेब. चिंचेखालचा. उचला तो.”