नरभक्षक कोंबड्याचा क्लोजअप

"कुंदाताई, कोंबडा कुठाय? एक क्लोजअप राहिलाय!" दिग्दर्शक ओरडला.

पिंजरा रिकामा होता. प्रयोगशाळेतून सुटलेला कोंबडा माणसं खात सुटतो, असला आमचा सिनेमा, आणि मी त्याची मेकअपवाली. अकरा दिवस रोज सकाळी मी त्या कोंबड्याच्या चोचीला रबरी सुळे चिकटवत होते. तो मुकाट बसायचा. काम झालं की माझ्या तळहातावरची ज्वारी टिपायचा.

शूटिंगच्या शेवटच्या दिवशी युनिटला कोंबडीचं जेवण द्यायची आमच्यात पद्धत आहे. आणलेल्या कोंबड्यांत एक नट आहे, हे आचाऱ्याला कुणी सांगितलंच नव्हतं. "सगळ्यात दांडगा होता, म्हणून पहिला त्यालाच धरला," गुंडूअण्णा पातेलं ढवळत म्हणाले.

मला वाटलं, सुटले, क्लोजअप रद्द. पण दिग्दर्शकाने कचऱ्याच्या बादलीत कोपरापर्यंत हात घातला. पिसं, आतडी बाजूला सारून मुंडकं वर काढलं. "चोच शाबूत आहे. लावा सुळे."

मी लावले. मान थंड आणि चिकट होती. डोळ्यावरची माशी हाकलली की पुन्हा तिथेच येऊन बसायची. दिग्दर्शकाने मुंडकं काठीला खोचून नटीच्या तोंडासमोर नाचवलं. ती किंचाळली. त्यात अभिनय नव्हता.

"वा! पहिल्या दिवसापासून असाच वापरायला हवा होता," तो खूश होऊन म्हणाला आणि त्याच हाताने माझ्या पाठीवर थाप मारली. "चला ताई, पंगत बसलीय. त्याची तंगडी तुमच्यासाठी राखून ठेवायला सांगितलीय."